दुखण्याचे किती धरायचे?

कायद्याचे सवाल-जवाब

या महिन्याच्या टपालात चार पत्रे एकाच प्रश्नाभोवतीची निघाली : इजा झाली तर वेदनेची भरपाई किती? म्हणून ती एकत्र घेतली आहेत. नेहमीप्रमाणे नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : वकीलताई, आम्ही तासगाव तालुक्यातले. डिसेंबरात रात्री आठच्या सुमारास माझे मालक (वय ३८) मोटारसायकलवरून घरी येत होते. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. त्याने हात न दाखवता एकदम कारखान्याच्या रस्त्याला वळवला आणि मागची ट्रॉली यांच्या अंगावर आली. उजव्या मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले, खुब्यालाही मार आहे. मिरजेत दोन ऑपरेशने झाली, आत रॉड आहे. चार महिने झाले, अजून वॉकर सुटलेला नाही. विमा कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. म्हणाला, ‘बिलांचे मिळतील, पण दुखण्याचे कायद्यात पाच हजारच आहेत. साडेतीन लाख घ्या, लोकअदालतीत सही करा आणि मोकळे व्हा.’ रात्र-रात्र हा माणूस कण्हत पडतो. त्याचे पाच हजारच का?

उत्तर : वहिनी, अजून सही केली नसेल तर करू नका.

पाच हजारांचा आकडा त्या माणसाने पदरचा सांगितलेला नाही. तो एके काळी खरोखरच कायद्यात होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात १९९४ साली १६३-अ हे कलम घातले गेले आणि त्याच्या जोडीला एक तक्ता आला, त्याला दुसरे परिशिष्ट म्हणत. चूक कोणाची हे सिद्ध करत न बसता गरिबाला झटपट काहीतरी मिळावे, हा त्यामागचा हेतू. पण त्यात सगळ्याचे दर ठरवून टाकले होते. गंभीर दुखापत असेल तर वेदनेचे ५,००० रुपये, किरकोळ असेल तर १,०००. औषधपाण्याची बिले कितीही असोत, १५,००० च्या वर नाही. महागाई बघून केंद्र सरकारने हे आकडे वेळोवेळी बदलावेत, असे त्याच कलमात लिहिलेले होते. ते बदलले २०१८ च्या मे महिन्यात. म्हणजे चोवीस वर्षे या राज्यात, या देशात, मोडलेल्या मांडीच्या वेदनेचा दर त्या तक्त्यात पाच हजारांवरून हलला नाही. मी वकिली सुरू केली तेव्हाही तोच होता आणि माझे केस पिकू लागले तेव्हाही तोच. त्याचा राग मला आजही येतो.

आता तो तक्ताही नाही आणि ते कलमही नाही. २०१९ च्या दुरुस्तीने १६३-अ काढले आणि त्याच्या जागी कलम १६४ आले, ते १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्यात चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. पण हे अडीच लाख एकगठ्ठा आहेत; दवाखाना, बुडालेली कमाई, दुखणे सगळे त्याच्या पोटात.

तुमचा रस्ता कलम १६६ चा. ट्रॅक्टरवाल्याची चूक तुम्हाला दाखवता येते; एफआयआर आहे, पंचनामा आहे, वळणावरच्या जागेचा नकाशा असेल. चूक दाखवून दावा केला की वेदनेच्या रकमेवर कायद्याने कसलीही वरची मर्यादा घातलेली नाही. कलम १६८ मध्ये न्यायाधिकरणाला, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला, ‘रास्त’ वाटेल ती भरपाई द्यावी असे म्हटले आहे, बस एवढेच. इतकेच काय, तुम्ही अर्जात मागितले त्यापेक्षा जास्त देणे रास्त असेल तर तेही देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे.

दोन ठिकाणी सांभाळा. पहिले, विमा कंपनीने पुढे केलेल्या कागदावर कोणते कलम लिहिले आहे ते बघा. कलम १६४ ची रक्कम तुम्ही स्वीकारली, तर १६६ चा दावा तिथेच संपतो. दुसरे, लोकअदालतीत तडजोड झाली की तो शेवट असतो, त्यावर अपील नाही. लोकअदालत वाईट नाही, माझे कितीतरी पक्षकार तिथून समाधानाने घरी गेलेत. पण अपंगत्वाचा दाखला हातात नसताना, रॉड काढायचे तिसरे ऑपरेशन बाकी असताना आकडा ठरवायचा तो कशावर? आणि कायद्यात दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. अपघात डिसेंबरातला, म्हणजे मे महिना संपायच्या आत दावा सांगलीत दाखल झालेला बरा. कागद अपुरे असले तरी दाखल करा, उरलेले मागाहून जोडता येतात.

आता मूळ गोष्ट. मर्यादा नाही म्हणजे पैसे आपोआप मिळतात असे नाही. वेदना कागदावर यावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१० मध्ये ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या निकालात दुखापतीच्या दाव्याची खातेवही नीट लावून दिली. एका बाजूला पैशात मोजता येणारे नुकसान : दवाखाना, बुडालेली कमाई, पुढची कमाई, पुढचे उपचार. दुसऱ्या बाजूला न मोजता येणारे : वेदना, यातना आणि बसलेला धक्का हे एक, जगण्यातल्या साध्या-साध्या सुखांना मुकणे हे दुसरे, आणि आयुष्य घटले असेल तर ते तिसरे. वेदना आणि मुकलेले सुख ही दोन वेगळी खाती आहेत, हे तुमच्या वकिलांना आवर्जून सांगा. बऱ्याचदा दोन्ही एकत्र बांधून एकच गोळा आकडा मागितला जातो, आणि मग दोन्हींचे मिळून एकाइतकेच पदरात पडते.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतला एक दावा मला विसरता येत नाही. इस्लामपूरकडची कॉलेजातली मुलगी, एसटीची वाट बघत उभी असताना जीपने दोन्ही पाय चिरडले. तिच्या सरतपासाचे, म्हणजे तिच्या स्वतःच्या साक्षीचे, प्रतिज्ञापत्र मी तयार केले. त्यात वेदनेबद्दल एकच ओळ होती : ‘मला अतोनात वेदना झाल्या.’ जुन्या मसुद्यातून जशीच्या तशी उचललेली. बिले मी पै-पैशाने जुळवली होती, दुखणे एका ओळीत उरकले होते. निकालात वेदनेचे दहा हजार आले. न्यायाधीशांना दोष देण्यात अर्थ नव्हता, त्यांच्यापुढे मी ठेवलेच तेवढे होते. ती मुलगी निकालाची प्रत घेऊन गेली तेव्हा मला ‘थँक्यू मॅडम’ म्हणाली. ते दोन शब्द मला अजून टोचतात.

तेव्हापासून मी पहिल्या भेटीत बिले मागत नाही. आधी दिवस कसा जातो ते विचारते. संडासला कसे बसता? (ओढून-ताणून लाजायचे कारण नाही, वहिनी. मांडी मोडलेल्या माणसाला उकिडवे बसता येत नाही, आणि तुमच्या घरी कमोड नसणार. खुर्चीचा कमोड आणला असेल तर त्याची पावतीही जपून ठेवा.) कुशीवर वळता येते का, कोण वळवते? आंघोळ कोण घालते? लहान पोर मांडीवर येऊन बसायला बघते तेव्हा काय होते? तुमची द्राक्षबाग असेल तर एप्रिलची खरड छाटणी कोणी केली, आणि मालक त्या वेळी बागेच्या बांधावर खुर्ची टाकून बसले होते की घरातच? या प्रश्नांची उत्तरे प्रतिज्ञापत्रात जशीच्या तशी घालायची, तुमच्या बोलीत.

मार्केट यार्डातला एक हमाल माझा पक्षकार होता. हळदीची पोती उचलण्यात हयात गेलेली. सायकलवरून घरी जाताना टेम्पोने उडवले, उजवा खांदा निकामी झाला. डॉक्टरांनी दाखल्यावर लिहिले, अपंगत्व २२ टक्के. विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासात विचारले, ‘आज कोर्टात तुम्ही स्वतःच्या पायाने चालत आलात ना?’ तो म्हणाला, ‘आलो की साहेब. सदऱ्याची बटणं तेवढी बायकोनं लावली.’ न्यायाधीशांनी मान वर केली, त्याच्या सदऱ्याकडे बघितले आणि ते वाक्य स्टेनोला स्वतः सांगून घेतले. निकालात वेदनेचे एक लाख आणि सुखांना मुकल्याचे वेगळे मिळाले, आणि ते बटणांचे वाक्य निकालपत्रात उतरलेले होते. कमाईच्या बाबतीतही दाखल्यावरच्या २२ टक्क्यांवर गाडी अडली नाही. ज्या माणसाचे पोट खांद्यावर चालते, त्याच्या खांद्याचे २२ टक्के म्हणजे कामाचे किती टक्के, असा हिशेब करायला राजकुमार निकालाने शिकवले आहे. कारकुनाचा डावा हात गेला तर नोकरी टिकू शकते, सुताराचा गेला तर धंदाच बसतो, हे त्यातलेच उदाहरण.

आपल्याकडे मुख्य अडचण ही की माणसे दुखणे अंगावर काढतात. आठ दिवसांच्या गोळ्या संपल्या की पुन्हा दवाखान्यात जात नाहीत. ‘एसटीचे भाडे कशाला, तेच तर सांगणार.’ घरी शेक देतात, तेल चोळतात, दात-ओठ खातात. मग वर्षाने दावा चालायला लागला की समोरचे वकील म्हणतात, डिस्चार्जनंतर चार महिन्यांत एकही चिठ्ठी नाही, म्हणजे दुखत नव्हते. म्हणून सांगते : दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि दुखते आहे हे त्यांना केसपेपरवर लिहायला सांगा. फिजिओथेरपीला जाल त्या प्रत्येक दिवसाची नोंद घ्या. मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या घेताना बिल मागा, चाळीस रुपयांचे असले तरी. ते बिल चाळीस रुपयांसाठी नसते, त्या तारखेला दुखत होते याचा तो पुरावा असतो.

आणि एक दोनशे पानी वही आणा. रोज रात्री तारीख टाकून दोन ओळी लिहा. किती वाजता झोप लागली, किती वेळा उठवले. खाडाखोड झाली तरी चालेल, मागाहून एका बैठकीत सगळी लिहून काढू नका. ते लगेच कळते. अशा एका वहीत एका आईने लिहिलेले मी वाचले आहे : ‘आज दूध उतू गेलं. पोरगा हाक मारत होता.’ त्यात वेदना हा शब्दही नव्हता.

किती मिळतील, हे मी सांगणार नाही. मोठे आकडे तुमच्या कानावर येतील म्हणून त्यांची ओळख करून देते. हरियाणातली बारा वर्षांची मुलगी, आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जाताना २००७ साली ट्रकने धडक दिली. शरीर शंभर टक्के पांगळे झाले आणि बुद्धी तान्ह्या बाळाची झाली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला वेदना आणि मुकलेल्या सुखांपोटी १५ लाख दिले, बाकीचे धरून एकूण बासष्ट लाखांवर. नोव्हेंबर २०२४ मध्ये ९० टक्के अपंगत्व आलेल्या एका नोकरदाराला नुसत्या वेदनेपोटी १५ लाख दिले. हे आकडे मर्यादा नाहीत, पण हे तुमचा भावही नाहीत. तुमचे मालक, देवाच्या कृपेने, उभे राहणार आहेत. त्यांची दोन ऑपरेशने, खाटेवरचे महिने, चालण्यात उरलेला फरक यांवर त्यांचा आकडा ठरेल. तो पाच हजार मात्र नसेल.

प्रश्न : मी साताऱ्यात राहणारा निवृत्त शिक्षक. माझी भाची कॅलिफोर्नियात असते. शस्त्रक्रियेत झालेल्या चुकीमुळे तिच्या एका हातातली ताकद गेली. ती गृहिणी आहे. तिथले वकील म्हणतात, वेदनेच्या रकमेला कायद्याने मर्यादा आहे. अमेरिकेत कोट्यवधींची भरपाई मिळते असे आपण ऐकतो. मग हे कसे?

उत्तर : सर, तिथले वकील बरोबर सांगताहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कारण अमेरिकेत हा विषय बराचसा राज्यागणिक बदलतो.

कॅलिफोर्नियाने १९७५ साली कायदा केला. डॉक्टरांचे विम्याचे हप्ते भडकले होते, डॉक्टर संपावर जाण्यापर्यंत वेळ आली होती. त्यावर तोडगा म्हणून वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यात वेदना, मनस्ताप, विद्रूपता अशा न मोजता येणाऱ्या नुकसानीला अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली. दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली कमाई यांना मर्यादा नाही. गंमत नव्हे, खेद याचा की हाही आकडा महागाईशी जोडला नाही आणि तो २०२२ पर्यंत तसाच राहिला. सत्तेचाळीस वर्षे. मग तडजोड होऊन १ जानेवारी २०२३ पासून तो साडेतीन लाख डॉलर झाला, रुग्ण दगावला असेल तर पाच लाख. दरवर्षी थोडा-थोडा वाढत दहा वर्षांत तो अनुक्रमे साडेसात लाख आणि दहा लाखांवर जाईल. म्हणून भाचीचा दावा कोणत्या वर्षी सोडवला जातो, यावरही तिची मर्यादा अवलंबून आहे. हे तिच्या वकिलांकडून नेमके समजून घ्यायला सांगा.

टेक्सासनेही २००३ साली डॉक्टरांसाठी अडीच लाखांची मर्यादा घातली. उलट इलिनॉयमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी मर्यादा २०१० मध्ये घटनाबाह्य ठरवून रद्द केली. कॅनडात न्यायालयानेच १९७८ मध्ये एक लाख डॉलरची मर्यादा बांधली, पण ती महागाईबरोबर वाढते, आणि आज तो आकडा चार लाखांच्या पुढे गेला आहे. मर्यादा घालायचीच असेल तर निदान कॅनडासारखी घालावी, असे माझे मत आहे. नाहीतर काय होते ते तासगावच्या वहिनींच्या पत्रात दिसतेच.

तुम्ही भाची गृहिणी आहे असे लिहिलेत, तिथे खरा घाव बसतो. मोठ्या पगाराच्या माणसाला कमाईच्या खात्यातून भरपूर मिळते, ते खाते उघडे आहे. ज्याला पगार नाही त्याचे, म्हणजे लहान मुलाचे, म्हाताऱ्याचे, घर चालवणाऱ्या बाईचे, बहुतेक नुकसान वेदनेच्याच खात्यात असते आणि नेमके त्यालाच कुलूप. तिला एक करता येईल. घरात ती जे काम करत होती त्याचे पैशात मोल काढून ते कमाईच्या बाजूला मांडता येते का, हे वकिलांना विचारू दे. स्वयंपाक, मुलांची ने-आण, आता बाहेरून करून घ्यावे लागणारे काम, सगळ्याच्या पावत्या ठेवू दे. वहीचे वर लिहिले आहे ते तिलाही लागू.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत प्रेसवर काम करताना २०२४ मध्ये माझी उजव्या हाताची दोन बोटे गेली. वय ३०, पगार १८ हजार. ठेकेदार म्हणतो, कामगाराला दुखण्याचे पैसे कायद्यातच नाहीत. खरे का?

उत्तर : भाऊ, दुर्दैवाने हे खरे आहे. तुमच्या अपघाताला लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात वेदनेचे खातेच नाही. सगळे कोष्टकाने चालते. एका हाताची दोन बोटे म्हणजे २० टक्के. पगार हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात, त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. गुणाकार १८,७१,८२०, त्याचे २० टक्के म्हणजे ३,७४,३६४ रुपये. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च यावेगळा. ठेकेदाराने महिन्याच्या आत पैसे दिले नसतील तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण टाळले असेल तर निम्म्यापर्यंत दंडही मागता येतो. मुदत दोन वर्षांची आहे, तारीख आजच बघा. मात्र पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापले जात असेल तर हा दावा चालत नाही, भरपाई ईएसआयकडूनच घ्यायची. पगाराची पावती काढून बघा.

प्रेसचा गार्ड काढून ठेवला होता, असे तुम्ही चिठ्ठीच्या मागे लिहिले आहे. ते फार महत्त्वाचे आहे. मालकाच्या निष्काळजीपणावर दिवाणी दावा लावून वेदनेचेही मागता येते, पण दोन्ही दारे एकदम उघडत नाहीत. एक निवडावे लागते, आणि दिवाणी दार फार हळू उघडते. घर तुमच्या पगारावर चालत असेल तर मी कोष्टकाचाच रस्ता धरायला सांगेन. न्याय पुरा झाला असे मात्र म्हणणार नाही.

प्रश्न : खंबाटकी घाटाच्या अलीकडे पंधरा दिवसांपूर्वी आईला रात्री अनोळखी वाहनाने ठोकरले. कंबरेचे हाड मोडले आहे. वाहन सापडलेले नाही. काही मिळेल का?

उत्तर : वाहन सापडले नाही तर सरकारी योजनेतून गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी हेच साडेबारा हजार आणि पंचवीस हजार होते. रक्कम ठरलेली आहे, वेदनेचा वेगळा विचार नाही. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. वाहन नंतर सापडले तर रीतसर १६६ चा दावा करता येतो, तेव्हा ही रक्कम परत वळती होते.

म्हणून अर्जाबरोबर शोधही चालू ठेवा. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन आनेवाडी आणि खेड-शिवापूर या दोन्ही टोलनाक्यांवरचे त्या रात्रीचे चित्रण ताब्यात घ्यायला सांगा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. घाटापाशीच्या ढाब्यांवर आणि पेट्रोलपंपांवरही कॅमेरे असतात, तिथे स्वतः जाऊन विचारा. हे चित्रण फार दिवस ठेवत नाहीत आणि पंधरा दिवस गेलेत. हे वाचाल त्याच दिवशी निघा.